हातनको काका आणि सळयांची भिंत

काकांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी उच्चारायचं. एरवी सगळ्या जगासाठी ते हातनको काका होते. शहराच्या संग्रहालयात ते पहारेकरी होते आणि सगळी हयात त्यांनी तळमजल्यावरच्या मोठ्या दालनात काढली होती. तिथे जुनी मातीची भांडी होती, दगडी मुखवटे होते आणि एक हात तुटलेली राणी होती. बघायला आलेला माणूस राणीच्या दिशेने नुसता कलला, तरी काका कुठूनतरी उगवायचे आणि म्हणायचे, "हात नको." आधी ना 'कृपया', नंतर ना 'बरं का'. शाळेच्या सहलीला आलेल्या कुठल्यातरी पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचं एक ठाम मत होतं, की जगात जे काही मोडतं ते हात लावल्याने मोडतं. राणीचा हात त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी तुटलेला. पण काका त्याबद्दल असे बोलायचे, की कुणा आगाऊ पाहुण्याने तो कालच तोडून नेला आणि नेमकी त्यांची सुट्टी होती. दुसऱ्याला नको म्हणणारे स्वतः मात्र कुणी बघत नसताना हळूच हात फिरवून घेतात, हे आपण सगळेच जाणतो. काकांनी तेही कधी केलं नाही. निवृत्तीच्या दिवशी संचालकांनी मोठ्या मनाने कपाट उघडलं आणि म्हणाले, इतकी वर्षं राखलंत, आज ती सुरई एकदा हातात घेऊन बघा. काकांनी हात मागे बांधले. सवय नाही साहेब, म्हणाले, पडेल. सगळे हसले. काका हसले नाहीत.

आता असा माणूस घरात कसा वागत असेल, हे सांगायला काही ज्योतिषी नको.

काकू शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. कोटाचं काज करावं तर त्यांनीच. शेवटी शेवटी तर त्या कामाकडे न बघता, शेजारणीशी गप्पा मारता मारता काज पुरं करायच्या. न बघता करायच्या म्हणूनच डोळे अधू होत चाललेत हे बराच काळ कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. ध्यानात आलं तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा नाहीसा झाला होता. कान दिसायचे, खांदे दिसायचे आणि मधे नुसता धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं हे, गेलेलं परत यायचं नाही, कडेकडेचं आहे तेवढं सांभाळू.

त्याच सुमारास काका निवृत्त झाले आणि त्यांनी काकूंना सांभाळायला घेतलं. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना, ते त्यांनी अक्षरशः केलं. कुठे टेकूच दिलं नाही. सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. शेगडीपुढे उभं राहायचं नाही. चहा काका करणार, भाजी काका चिरणार, बेल वाजली की काका उठणार. काकूंचा हात पातेल्याकडे गेला रे गेला की मागून आवाज यायचा, "राहू दे, मी करतो." सूर प्रेमाचा होता, पण वाक्य दालनातलंच होतं. सुया-दोऱ्यांचा डबाही एक दिवस उचलून कपाटात गेला. काकूंनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. काकू खिडकीशी खुर्चीत बसून असायच्या आणि त्यांचा दिवस जाता जात नसे.

वर्षभराने नगरपालिकेचं बोलावणं आलं. ग्रंथालयापुढच्या मोठ्या चौकात, जिथे कारंजं आहे आणि दुपारी कचेऱ्यांतली माणसं डबा खायला बसतात, तिथे एक नवं शिल्प उभं राहिलं होतं. दिवसभर त्यावर लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस हवा होता, आणि संग्रहालयाने काकांचं नाव सुचवलं. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय, असं काकांनी विचारलं नाही. हे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं झालं असतं. काकूंना खिडकीशी बसवून, चहा थर्मासमध्ये भरून, गॅस खालून बंद करून ते कामावर जाऊ लागले.

शिल्प म्हणजे एक भिंत होती. डोक्याच्याही वर उंच, चांगली लांब आणि तिच्यात पितळेच्या बोथट सळया आरपार बसवलेल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, एकीला एक खेटून, हजारो. इकडून दाबली की सळई सरकून तिकडे बाहेर यायची आणि तिथेच थांबायची. पंजा दाबला की पलीकडे पंजा उमटायचा, पाठ टेकली की पाठ. येणाऱ्याजाणाऱ्याने दाबावं आणि पलीकडे जाऊन बघावं, यासाठीच ती केलेली. कुणी हात लावला नाही तर तिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

काकांनी पहिल्याच दिवशी तिच्याभोवती दोरी बांधली.

मग काय, डोळ्यांत तेल घालून राखण सुरू झाली. लोक लांबून बघायचे, एवढी पितळेची भिंत कशासाठी म्हणायचे आणि पुढे जायचे. एखादा दोरीवरून हात लांबवायचाच, त्याला काका हटकायचे. एकदा एक कबूतर चोचीने सळया टोचू लागलं, तर त्यालाही त्यांनी त्याच शब्दांत बजावलं. एवढं करूनही कुणी डाव साधून पंजा उमटवून गेलंच, तर फडक्यात गुंडाळलेली एक फळी त्यांच्यापाशी होती. तिने ते सळया पुन्हा सारख्या करायचे, म्हणजे त्यांचाही हात लागायला नको. संध्याकाळी भिंत सपाट, लखलखीत, सकाळी होती तशीच. काका समाधानाने घरी जायचे.

अशाच एका संध्याकाळी ते घरी आले, तर काकू म्हणाल्या, "मी धाकटीकडे राहायला जातेय."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. दुसऱ्या गावी तिची छोटीशी खानावळ होती. काकांनी विचारलं, किती दिवस. काकू म्हणाल्या, राहायला म्हटलंय मी. येत्या रविवारी ती न्यायला येणार आहे, बोलणं झालंय.

काकांनी बूटही काढले नव्हते. ते तसेच पलंगाच्या कडेला बसले. आपण काही कमी केलं का, असं त्यांनी विचारलं, आणि काकूंनी खरोखरच थोडा वेळ विचार करून सांगितलं, की नाही, काहीसुद्धा कमी केलं नाही. मग त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "तिकडे मला भांडी तरी घासायला मिळतील."

काकांना हे काही केल्या उमगेना. घरात आयतं बसायचं सोडून खानावळीची खरकटी घासायची कुणाला हौस असते? धाकटीनेच कान भरले असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. दोष द्यायला मेहुणी बरी असते. पण लग्नानंतर ते दोघं कधी वेगवेगळे राहिलेच नव्हते. काकू गेल्यावर थर्मास भरायचा कुणासाठी, हा साधा प्रश्न त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जातानाही सुटला नाही.

त्या दिवशी चौकात शिल्पकार बाई आल्या. ती भिंत त्यांनीच घडवलेली. परगावी असायच्या आणि आपलं काम कसं चाललंय ते बघायला आल्या होत्या. काकांना ते माहीत नव्हतं. बाई बराच वेळ बाकावर बसून काकांची धावपळ बघत राहिल्या आणि शेवटी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग उठून जवळ आल्या आणि आपण कोण ते सांगितलं. काकांनी दोरीकडे, मग फळीकडे बोट दाखवून मोठ्या अभिमानाने हिशेब दिला, की एक डाग पडू दिलेला नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की हे शिल्प निम्मंच त्यांनी केलंय, उरलेलं निम्मं रोज लोकांनी करायचं आहे. "आणि तुम्ही माझी माणसं कामावरून हाकलताय," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा असा उतरला, की बाईंनाच वाईट वाटलं. त्यांनी स्वतः दोरी सोडून गुंडाळली आणि म्हणाल्या, आता आधी तुम्ही दाबा. काका म्हणाले, सवय नाही. बाईंनी आग्रह केला नाही, नुसत्या थांबून राहिल्या. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि चोरी केल्यासारखा एक हात पुढे केला. पितळ गार होतं. जरासा जोर दिल्याबरोबर ते मागे सरकलं, बारीक करकर झाली आणि हात मनगटापर्यंत आत शिरला. पलीकडे जाऊन बघतात तो त्यांचाच पंजा उन्हात उभा, वाकड्या करंगळीसकट. काकांना एकदम भरून आलं, आणि का ते त्यांना कळेना. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत निरखली. काहीही मोडलं नव्हतं.

जाताना बाईंनी आणखी एक सांगितलं. दिवसाचा शेवटचा ठसा सकाळपर्यंत तसाच राहू द्यायचा, पुसायचा नाही. हे मात्र जड गेलं. जित्याची खोड ती, एका दिवसात कशी जाणार? संध्याकाळी काकांनी फळी काढलीच आणि भिंत एका टोकापासून सारखी करत आणली. आपल्या पंजापाशी आल्यावर त्यांना ती फळी पुढे सरकवेना. तेवढा तुकडा ठेवून ते घरी गेले.

पुढचे दिवस चौकात गंमतच झाली. ज्यांना हटकलं त्यांनाच आता बोलवायचं होतं, आणि काकांना हटकण्याचा एकच सूर येत होता. "हात लावा!" असं ते डाफरायचे आणि बिचारी माणसं दचकून दोन पावलं मागे जायची. पण हळूहळू लोक यायला लागले. कचेरीतल्या दोघी मैत्रिणींनी शेजारीशेजारी दोन पाठी उमटवल्या. एका गृहस्थाने आपलं पोट उमटवलं आणि पलीकडून बघून डबा न खाताच परत गेले. आणि एकदा एक माणूस फोनवर बोलत बोलत, नजर भलतीकडे ठेवून, दुसऱ्या कुणीतरी केलेल्या ठशावरून बोटं फिरवत उभा राहिला. बोलणं संपेपर्यंत त्याचा हात तो ठसा वाचत होता. काका त्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांना घरातली खिडकी आठवली.

शनिवारी ते काकूंना घेऊन आले. काकू सहज तयार झाल्या असं नाही. काकांबरोबर बाहेर जायचं म्हणजे कोपर धरून घेऊन, पायरी आली, खड्डा आला, आता माणूस आला, असं समालोचन ऐकत जायचं. त्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. उद्या जाणारच आहेस, आज माझं काम तरी बघ, असं काका म्हणाले तेव्हा त्या उठल्या. चौकात येईपर्यंत एकूण एक पायरीची घोषणा झाली.

काकूंनी भिंतीला हात लावला मात्र, आणि त्यांची बोटं जागी झाली. आधी एक सळई दाबून बघितली, मग चार, मग सगळा पंजा. सळया किती खेटून बसवल्यात, त्यांची टोकं कशी गोल केलीत, हे त्यांनी बोटांनीच बघून घेतलं. पलीकडे काय झालं, त्यांनी विचारलं. काका जाऊन बघून आले आणि म्हणाले, हात झालाय. कसा झालाय, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, हातासारखा.

"तुम्ही इथेच थांबा," काकू म्हणाल्या, "मीच बघते." आणि भिंतीवर तळवा टेकवून, तिच्या कडेकडेने त्या निघाल्या. काका मागोमाग निघाले, तर काकूंना आवाजावरून कळलं. "थांबा म्हटलं ना."

पलीकडे गेल्यावर त्यांनी आपला पंजा शोधून काढला. मग त्यांचा आवाज आला, "आता तुमचा चेहरा द्या."

काका गणवेशात होते. आजूबाजूला डबे खाणारी माणसं बसली होती. सगळी हयात ताठ उभं राहून काढलेला माणूस भिंतीत तोंड खुपसणार कसा? पण उद्या रविवार होता. त्यांनी डोळे मिटले आणि चेहरा पितळावर ठेवून दाबला. सळया गालांवरून, कपाळावरून सरकत गेल्या आणि गप्प झाल्या. पलीकडून आज्ञा आली, टोपी काढा. त्यांनी ती काढली आणि पुन्हा चेहरा दिला.

आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. काकू तिकडे एकट्या, मागे कारंज्याच्या पायऱ्या, आणि आपण इथे डोळे मिटून उभे. पलीकडून आवाज येईना. गेली की काय, पडली की काय, असं एकेक मनात येऊ लागलं, मान काढून धावत जावंसं वाटलं. ते गेले नाहीत. तेवढ्यात नाकाच्या शेंड्याला काहीतरी हलकेच टोचलं. पलीकडून कुणी तेवढीच एक सळई दाबली होती. मग भुवईवर एक. मग गालावर चार-पाच, एकामागून एक, सावकाश. काकूंची बोटं त्यांच्या चेहऱ्यावरून फिरत होती, इतके दिवस न दिसलेला नवरा धांडोळून बघत होती. आणि मग काकू हसल्या. त्यांचं हसू काकांनी किती काळ ऐकलं नव्हतं, हे त्यांना ते ऐकल्यावर समजलं.

"नाक केवढं झालंय हो," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "हनुवटी का हलतेय?"

हनुवटी का हलतेय, ते काकांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

नंतर दोघं बाकावर बसले. काकांनी गणवेशाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "जाऊ नकोस."

"जाणार आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही जपता ते मला कळतं हो. पण सकाळी उठून मी काय करायचं, ते तुम्ही काही ठेवलंच नाही."

"तुला भाजलं, कापलं तर?"

"तर भाजेल."

कारंज्याचं पाणी पडत होतं आणि भिंतीपाशी कुणीतरी काकांच्या चेहऱ्याशेजारी आपला चेहरा उमटवत होतं. शेवटी काकांनी एवढंच विचारलं, की परत यावंसं वाटलं तर येशील का. काकू म्हणाल्या, ते तिथे गेल्यावर बघेन. आलेच तर बसने एकटी येईन. "पण न्यायला यायचं नाही," त्या म्हणाल्या. "स्टँडवर दिसलात, तर त्याच बसने परत जाईन. सांगून ठेवते."

रविवारी धाकटी येऊन त्यांना घेऊन गेली. काकांनी फळीवरच्या सुऱ्या खाली काढल्या, आणि कपाटात जे जे लपवलं होतं ते काढून जिथल्या तिथे ठेवलं. मेहुणीला फोन करून विचारायचे, कशी आहे. धाकटी सांगायची, भांडी घासते, कांदा चिरते, काल बोट कापलं, आज पुन्हा चिरत बसलीय आणि गिऱ्हाइकांशी अखंड बडबडते. काका कापलेल्या बोटाचं ऐकायचे, फोन घट्ट धरायचे आणि बरं म्हणायचे. परत येण्याबद्दल धाकटी काही बोलायची नाही आणि काकाही विचारायचे नाहीत.

बऱ्याच आठवड्यांनी काकूंचा स्वतःचा फोन आला. उद्या दुपारच्या बसने निघतेय, म्हणाल्या, आणि ठेवून दिला.

काकांनी रजा घेतली. स्टँडवर ते गेले नाहीत. म्हणजे निघाले होते, जिना उतरून रस्त्यापर्यंत गेलेही होते, आणि परत फिरले. बसची वेळ झाली, टळली. खिडकीतून वाकून बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते फारसं पाळता आलं नाही. वाटेत केवढे रस्ते ओलांडायचे आहेत, याची उजळणी त्यांनी पुन्हा पुन्हा केली. अखेर जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, मग पुढची. वर येऊन ती दाराशी थांबली, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि कुलपाच्या पत्र्यावर किल्ली खरवडली.

काका दाराच्या आतच उभे होते, कडीपासून वीतभर अंतरावर. किल्ली कुलपावर इकडेतिकडे फिरत होती आणि तिला भोक सापडत नव्हतं. नुसती कडी ओढायची, की झालं. त्यांचा हात आपोआप वर गेला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला आणि धरून ठेवला. बाहेर किल्ली पडली. काकू वाकल्या, जमिनीवर चाचपडल्या, किल्लीला काहीतरी बोलल्या. पुन्हा खरवडणं. मग बाहेरून एका बोटाने कुलूप चाचपल्याचा आवाज आला, त्या बोटामागून किल्ली आली, आत गेली आणि फिरली.

दार उघडलं. काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या, केस विस्कटलेले, बोटाला चिंधी.

"दारातच होतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"तू खालच्या पायरीवर होतीस तेव्हापासून," काका म्हणाले.

काकू वाकल्या आणि त्यांनी पिशवी उचलली. काकांचे हात पुढे आले.

"जड आहे," काकू म्हणाल्या. "सरका."

काका सरकले.